सूर बदलला की ओळ हसते

पिंपरी-चिंचवडमधल्या पिंपळे गुरवच्या नाट्यगृहाला निळू फुले यांचं नाव आहे. कवितेविषयीचं प्रकरण एका नटाच्या नावानं सुरू करायला कारण आहे. निळूभाऊंची नक्कल करणाऱ्या माणसाला त्यांचा चेहरा लागत नाही, टोपी लागत नाही, एखादा संवादही पाठ असावा लागत नाही. तो आवाज खाली उतरवतो, शब्दाचं शेवटचं अक्षर लांबवतो आणि ‘या’, ‘बसा’ असे साधे आदराचे शब्द उच्चारतो. समोरचे लोक ओळखतात आणि हसतात. शब्द पाहुणचाराचे असतात, सूर मात्र पाटलाच्या वाड्यातल्या धाकाचा असतो. त्या दोहोंमधल्या अंतरावर हसू उभं राहतं.

कवी रंगमंचावर येऊन स्वतःची कविता म्हणतो तेव्हा नेमकं हेच घडतं. निळू फुले आणि कवी वसंत बापट हे दोघेही राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडले. १९७५ साली आलेल्या ‘सामना’ या चित्रपटात निळूभाऊंनी हिंदुराव धोंडे पाटील उभा केला. त्या चित्रपटाचे निर्माते रामदास फुटाणे हे पुढे महाराष्ट्रभर कविसंमेलनं रंगवणारे वात्रटिकाकार म्हणून ओळखले गेले. नटाचा आवाज आणि कवीचा आवाज ही मराठीत शेजारशेजारची घरं आहेत. छापलेल्या पानावर शांत पडून असलेली ओळ मोठ्यानं म्हटल्यावर हसू का लागते, त्या हसण्यातलं कवीचं किती, सुराचं किती आणि श्रोत्याचं किती, हे या प्रकरणात पाहू.

भरतमुनींची मोजपट्टी

आवाजानं अर्थ पालटतो ही गोष्ट आपल्याकडे फार जुन्या काळी नोंदली गेली आहे. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’त पाठ्याचा, म्हणजे मोठ्यानं म्हणायच्या मजकुराचा, स्वतंत्र विचार आहे. आवाजाची तीन स्थानं सांगितली आहेत : छाती, कंठ आणि मस्तक. पाठ्याचे सहा अलंकार सांगितले आहेत : उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित. म्हणजे आवाज चढवणं, धगधगता करणं, खर्जात नेणं, अगदी खाली आणणं, वेग वाढवणं आणि वेग कमी करणं. आज ध्वनिशास्त्राचा अभ्यासक बोलण्याची पट्टी, जोर, गती आणि विराम मोजतो. मोजायची साधनं बदलली, पण मोजायच्या गोष्टी बहुतेक त्याच राहिल्या.

सुराच्या ज्या वळणामुळे वाक्याचा अर्थ फिरतो त्याला भरतांनी ‘काकु’ म्हटलं. पुढे अलंकारशास्त्रात काकु-वक्रोक्ती असा स्वतंत्र प्रकारच मानला गेला. ‘तुम्ही अगदी वेळेवर आलात’ हे वाक्य कौतुकाचं की टोमण्याचं, हे कागद सांगू शकत नाही. ‘अगदी’वर रेंगाळलेला आवाज ते सांगतो.

भरतांनी आणखी एक बारकावा नोंदवला आहे. करुण रसाला विलंबित लय, वीर आणि रौद्राला द्रुत लय, तर हास्याला मध्य लय. नवखे कवी इथेच चुकतात. ओळ विनोदी आहे म्हणून ते घाईनं म्हणतात आणि श्रोत्याला ती समजायच्या आत पुढे निघून जातात. हसू येण्यासाठी आधी ओळ नीट कळावी लागते, आणि कळायला मध्य लयीइतका अवकाश लागतो.

चार ओळींवर प्रयोग

उदाहरणासाठी या प्रकरणापुरत्या रचलेल्या चार ओळी घेऊ. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात काम करणारा एखादा हौशी कवी लिहील तशा त्या आहेत.

साहेब म्हणाले, “कंपनी नाही, घर आहे हे आपलं,
सुखदुःखाला एकमेकांच्या इथंच पाहिजे जपलं.”
मी म्हणालो, “घरच आहे, तर पगार थोडा वाढवा.”
साहेब म्हणाले, “घरात कोणी पगार घेतं का रे, गाढवा?”

या ओळी आधी मनात वाचा, मग मोठ्यानं. पहिल्या दोन ओळी उपहासाच्या सुरात म्हटल्या तर कविता तिथेच संपते. साहेब ढोंगी आहे हे श्रोत्याला आधीच सांगून टाकलं, मग चौथ्या ओळीत त्याला नवं काय मिळणार? त्याच दोन ओळी मनापासून, थोड्या गहिवरानं, वार्षिक स्नेहसंमेलनातल्या भाषणासारख्या म्हणून पाहा. ‘आपलं’ या शब्दावर किंचित थांबा. श्रोता साहेबावर विश्वास ठेवू लागतो. तो जितका विश्वास ठेवेल तितकी चौथी ओळ जोरात लागेल.

आता शेवटचा ‘गाढवा’. तो रागानं म्हटला तर ती शिवी होते आणि सभागृह थोडं आक्रसतं. तोच शब्द घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं लाडानं, समजूत घालत म्हणावा तसा म्हटला, तर हसू फुटतं. हसल्यानंतर लगेच कळतं की हा लाडच पगार बुडवणारा आहे. बोच जास्त खोल जाते ती गोड सुरामुळे.

यमकाचंही काम इथे पाहण्यासारखं आहे. ‘वाढवा’ ऐकताच श्रोत्याचा कान पुढच्या यमकाची वाट पाहू लागतो. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७९० मध्ये हसण्याचं वर्णन असं केलं होतं : ताणून धरलेली अपेक्षा अचानक शून्यात विरते तेव्हा हसू येतं. वात्रटिकेत अपेक्षा ताणण्याचं काम यमक करतं. म्हणून चांगला कवी यमकाच्या शब्दाआधी क्षणभर थांबतो. हा क्षण लांबला तर मागच्या रांगेतून कुणीतरी तो शब्द कवीच्या आधी म्हणून टाकतो. तेही वाईट नाही, पण मग टाळी त्या रांगेला मिळते.

विरामाचं गणित

गप्पा मारताना एकाचं बोलणं संपलं आणि दुसऱ्याचं सुरू झालं, यात साधारण किती वेळ जातो? जगभरातल्या दहा भाषांचा एकत्र अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे अंतर सरासरी एका सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं आढळलं. भाषेभाषेत थोडा फरक होता, पण कल एकच होता. आपल्या कानाला इतक्या लहान अंतराची सवय असते. म्हणून व्यासपीठावरचा कवी एक पूर्ण सेकंद थांबला तरी सभागृहाला ते जाणवतं. आता काहीतरी येणार, अशी सूचना त्या शांततेतून मिळते.

मराठी छंदांनी हा विराम आतच बांधून ठेवला आहे. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं असतात आणि चौथ्यात फक्त चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, मग आखूड चौथा चरण येऊन थांबतो. दोन अक्षरं कमी असल्यानं तिथे आपोआप रिकामी जागा तयार होते. कीर्तनकार त्या जागेत टाळ वाजू देतो, कवी त्या जागेत शांतता ठेवतो. एका बाजूला देहू आणि दुसऱ्या बाजूला आळंदी असलेल्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ती चाल लोकांच्या कानात लहानपणापासून मुरलेली असते.

बा. सी. मर्ढेकरांनी या मुरलेल्या कानाचा फार वेगळा उपयोग केला. १९४७ च्या ‘काही कविता’मध्ये त्यांनी ओवी-अभंगाची चाल घेतली आणि तीत यंत्रयुगातल्या महानगराचं जगणं भरलं. डोळ्यांनी वाचताना त्या कविता अवघड वाटतात. मोठ्यानं म्हटल्या की कान भक्तीची वाट पाहतो आणि समोर यंत्र येतं. त्या विसंगतीतून एक काळवंडलेलं हसू उमटतं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी बोरकर आणि मर्ढेकर यांच्या कवितांचं जाहीर वाचन केलं, तेव्हा दुर्बोध ठरवल्या गेलेल्या कविता श्रोत्यांपर्यंत पोहोचू शकतात हे दिसलं.

विरामाचा आणखी एक प्रकार आहे : श्रोते हसत असताना थांबण्याचा. हसू वर चढत असताना कवीनं पुढची ओळ म्हटली तर ओळही वाया जाते आणि हसूही कापलं जातं. हसू पूर्ण विझेपर्यंत थांबलं तर सभागृह थंड पडतं. हसू उतरणीला लागलं की पुढची ओळ उचलायची. हे पुस्तकातून शिकता येत नाही, चार माणसांसमोर उभं राहूनच येतं.

गायचं की म्हणायचं

१९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळानं काव्यगायन लोकप्रिय केलं. यशवंत, गिरीश आणि माधव जूलियन यांच्या कविता चालीवर ऐकायला लोक जमू लागले. दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, केशवकुमार या नावानं प्र. के. अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केलं. त्या विडंबनांमध्ये तत्कालीन कवींच्या लकबी होत्या. चाल ओळखीची, छंद ओळखीचा, भाव उंच, आणि विषय मात्र एकदम जमिनीवरचा. मूळ कविता गायल्या जात होत्या म्हणूनच विडंबन कानाला लगेच भिडलं. पिंपरीच्या संत तुकारामनगरातल्या रंगमंदिराला आज याच अत्र्यांचं नाव आहे.

गाण्यात आणि बोलण्यात एक मूलभूत फरक आहे. कविता गायली की आवाजाचा चढउतार चालीच्या ताब्यात जातो. ‘तुम्ही अगदी वेळेवर आलात’ हे वाक्य ठरलेल्या चालीत गायलं, तर त्यातला टोमणा दाखवायला गायकाकडे फारशी मोकळी जागा उरत नाही. म्हणून गायल्या जाणाऱ्या कवितेतला विनोद शब्दांत, यमकात, विषयाच्या कलाटणीत बसतो. बोलली जाणारी कविता चढउतार बोलणाऱ्याला परत देते आणि विनोद सुरात येऊन बसतो.

शाहिराला तर मोठ्या पटांगणातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचं असायचं. उंच पट्टी, डफ, तुणतुणं ही त्याची गरज होती. उंच पट्टीत वीररस फुलतो, खोचक कुजबुज मात्र हरवते. मायक्रोफोन आला आणि कवीला हळू बोलण्याची मुभा मिळाली. व्यासपीठावर नेहमी वापरले जाणारे मायक्रोफोन तोंडाजवळ घेतले की आवाजातला खर्ज अधिक उठून येतो. शेकडो लोकांसमोर उभं राहून एकाच्याच कानात सांगावं तसं बोलणं आता शक्य झालं.

मंगेश पाडगावकर, विंदा करंदीकर आणि वसंत बापट या तिघांनी महाराष्ट्रभर फिरून जे काव्यवाचन केलं त्यामागे हाही बदल आहे. तिघांची पद्धत वेगवेगळी, पण कविता श्रोत्याशी बोलली पाहिजे यावर तिघांचा भर होता. पाडगावकरांच्या ‘सलाम’ या कवितेत तो एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. छापील पानावर तो प्रत्येक वेळी सारखाच दिसतो. मोठ्यानं म्हणताना मात्र प्रत्येक सलाम वेगळा म्हणावा लागतो : एक सवयीचा, एक भीतीचा, एक लाचारीचा, एक आतल्या संतापाचा. सुरुवातीला हसणारा श्रोता हळूहळू गप्प होतो, कारण हे सलाम आपणही ठोकत आलो आहोत हे त्याच्या लक्षात येतं. ‘सलाम’ या संग्रहाला १९८० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

गझलेनं गाणं आणि बोलणं यांचा वेगळा मेळ घातला. सुरेश भट आपल्या गझला तरन्नुममध्ये, म्हणजे स्वरात, म्हणत. शेराची पहिली ओळ दोनदा-तीनदा म्हणायची, श्रोत्याला तिच्यात रुजू द्यायचं, मग दुसरी ओळ सोडायची, अशी मैफलीची रीत असते. गझलेचा विनोदी भाऊ म्हणजे हझल. तिच्यात रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्द, कोणता येणार हे सगळ्यांना माहीत असतं, तो कुठून येणार हे मात्र कवीच जाणतो.

हसवणाऱ्यानं हसू नये

कविसंमेलनांत गाजलेल्या कवींना ऐकताना एक गोष्ट लक्षात येते : ओळ जितकी विनोदी, तितका आवाज सरळ. रामदास फुटाणे राजकारणावरची वात्रटिका बातमी द्यावी तशी देतात. अशोक नायगावकरांच्या सादरीकरणात किस्सा कुठे संपला आणि कविता कुठे सुरू झाली, हे क्षणभर कळत नाही, आणि त्या बेसावध क्षणीच ओळ नेमकी बसते. सासवडच्या २०१४ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फ. मुं. शिंदे यांच्या नर्मविनोदी बोलण्याची मराठवाड्यात ख्याती आहे, आणि त्यांचीच ‘आई’ ही कविता श्रोत्यांचे डोळे ओलावते. हसवणं आणि रडवणं यांना लागणारा आवाज एकाच माणसाच्या गळ्यात असतो, याचं हे उत्तम उदाहरण.

कवी स्वतः हसला की श्रोत्याचं काम संपतं. विसंगती शोधण्याचा आनंद श्रोत्याचा असतो. कवीनं ती बोटानं दाखवली की श्रोता प्रेक्षक होऊन बसतो. म्हणूनच ‘आता ऐका हं, पुढे गंमत आहे’ असं म्हणणारा कवी स्वतःच्या ओळीचं नुकसान करतो.

याचं जुनं मराठी रूप म्हणजे एकनाथांचं भारूड. सोळाव्या शतकात नाथांनी जोशी, गोंधळी, वासुदेव अशी सोंगं कवितेत आणली. सोंग घेतलेलं पात्र आपलं म्हणणं अगदी खरेपणानं मांडतं. त्याला आपण विनोदी आहोत हे ठाऊकच नसतं. ऐकणारा आधी सोंगाला हसतो, मग सोंगाच्या तोंडून आलेला उपदेश स्वतःला लागू पडतो हे ओळखतो. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांच्यासारख्या कलावंतांनी भारूड आजच्या रंगमंचावर जिवंत ठेवलं आहे. आजचा कवी ‘साहेब म्हणाले’ असं म्हणून साहेबाचा आवाज लावतो तेव्हा तो भारुडाच्याच वाटेनं चाललेला असतो.

बोलीचा सूर आणि पिंपळे गुरवचा श्रोता

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. त्यानंतर वाहनांचे आणि सुट्या भागांचे कारखाने आले, आणि त्यांच्यामागून मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर इथली कुटुंबं आली. पवनेच्या काठचं पिंपळे गुरव त्यांतल्या हजारोंचं घर झालं. इथल्या एखाद्या काव्यमैफलीत शेजारच्या दोन खुर्च्यांवर बसलेल्या माणसांच्या घरच्या बोली वेगळ्या असू शकतात. कवीसाठी ही मोठी संधी आहे आणि परीक्षाही.

प्रत्येक बोलीला स्वतःची चाल असते. वाक्याचा शेवट कुठे उचलायचा, कुठला स्वर लांबवायचा, होकार कसा द्यायचा, हे बोलीबोलीत बदलतं. विठ्ठल वाघ वऱ्हाडी कविता म्हणतात तेव्हा त्या चालीमुळेच अकोल्याकडचा माणूस पहिल्या ओळीला सुखावतो. इंद्रजित भालेरावांच्या कवितेत परभणीकडचं शेत आणि तिथली बोली ऐकू येते. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या तर मुळात ओठांवरच जन्मल्या. त्या सोपानदेव चौधरी आणि पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवल्या आणि १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आल्या. बहिणाबाईंचा विनोद खानदेशी सुरातून वेगळा काढता येत नाही.

बोलीमुळे येणारं हसू दोन प्रकारचं असतं. एक ओळखीचं : ‘अरे, हे तर आमच्या घरातलं बोलणं!’ दुसरं हिणवण्याचं : ‘बघा कसे बोलतात!’ दोन्हींचा आवाज सभागृहात सारखाच येतो, पण परिणाम उलटा होतो. बोली ज्याची आहे त्याच्या शहाणपणावर विनोद उभा असेल तर बोलणारा मोठा होतो. बोलीच विनोदाचा विषय झाली तर तिसऱ्या रांगेतला एक माणूस घरी जाताना थोडा लहान झालेला असतो. गाव सोडून कारखान्यात आलेल्या माणसाला तो अनुभव पुरेसा मिळालेला असतो, कवितेनं त्यात भर घालू नये.

निम्मं हसू श्रोत्यांचं

अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोवाइन यांनी अनेक वर्षं लोकांचं रोजचं हसणं नोंदवलं. एकट्यापेक्षा सोबतीत माणूस सुमारे ३० पट अधिक हसतो, असं त्यांना दिसलं. बहुतेक हसणं विनोदामागून येत नाही, साध्या वाक्यांमागून येतं, हेही त्यांनी नोंदवलं. हसणं हा आधी सोबतीचा आवाज आहे. म्हणून तीच वात्रटिका मोबाइलवर एकट्यानं वाचली तर ओठ हलतात आणि भरलेल्या सभागृहात ऐकली तर खुर्ची हलते. याच कारणानं जाणते आयोजक श्रोते थोडे असले तर त्यांना पुढच्या रांगांत एकत्र बसवतात. विखुरलेलं सभागृह हसत नाही.

कामगारांच्या गावात कविता मोठ्यानं म्हणण्याची परंपरा जगात इतरत्रही आहे. शिकागोत बांधकामावर काम करणारे मार्क स्मिथ यांनी कवितावाचन फार मरगळलेलं वाटतं म्हणून १९८६ मध्ये ग्रीन मिल या क्लबमध्ये ‘पोएट्री स्लॅम’ सुरू केलं. तिथे श्रोत्यांमधूनच परीक्षक निवडतात. हा प्रकार पुढे जगभर पोहोचला. आपल्याकडे श्रोता गुण देत नाही, ‘वन्स मोअर’ देतो किंवा जांभई देतो. निकाल तितकाच स्पष्ट असतो. नारायण सुर्वे यांनी गिरणी कामगाराचं जगणं कवितेत आणलं तेव्हा ती ऐकणारे, दाद देणारे हातही कामगारांचेच होते.

धोका मात्र इथेच आहे. हशा लगेच ऐकू येतो, समज ऐकू येत नाही. त्यामुळे कवी हशाच्या मागे लागतो. कविता दोन मिनिटांची आणि तिच्याआधीचा किस्सा दहा मिनिटांचा होतो. नवरा-बायको, जाडी, रंग यांवरचे घासलेले विनोद आत शिरतात. पिंपरीत २०१६ च्या जानेवारीत ८९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तशा मोठ्या मांडवांपासून सोसायटीतल्या कोजागरीच्या मैफलीपर्यंत हा मोह सगळीकडे सारखा असतो. माझं मत स्पष्ट आहे : जे हसू कवितेच्या ओळीतून आलं तेच कवितेचं. निवेदनातून, हावभावातून, दुसऱ्याला कमी लेखून मिळालेलं हसू कवितेच्या खात्यावर मांडू नये.

याची परीक्षा सोपी आहे. किस्सा काढून टाका, हातवारे काढून टाका, ओळी जशा आहेत तशा सरळ आवाजात म्हणा. तरीही हसू आलं आणि हसल्यावर काही उरलं, तर कविता खरी.

वाचकांना एक विनंती. या आठवड्यात घरातला कुठलाही कवितासंग्रह उचला आणि एक कविता चार माणसांसमोर मोठ्यानं वाचा. पहिल्यांदा सरळ वाचा, दुसऱ्यांदा एका शब्दाआधी थांबा, तिसऱ्यांदा आवाज खाली आणून वाचा. घरातल्या लहान मुलालाही वाचू द्या, आणि आजीला तिच्या बोलीत म्हणू द्या. आपल्या भागात काव्यमैफल असेल तर मागच्या दाराशी उभं न राहता पुढे जाऊन बसा. कवीला सूर सापडायला समोर ऐकणारी माणसं लागतात, आणि ती आपणच असतो.